विल्यम बेल हे एकाच गाण्याचे गायक होते का?

नाही; १९७७ मध्ये अमेरिकेच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीत) गाण्यांच्या खपाच्या यादीत अव्वल ठरलेले ‘ट्राइंग टू लव्ह टू’ हे त्यांचे सर्वाधिक खपाचे गाणे असले, तरी मेम्फिसच्या या गायक-गीतकाराची कारकीर्द त्याच्या आधी दीड दशक आणि नंतर चार दशके पसरलेली आहे. ध्वनिमुद्रिकांवरील गीतकारांची नावे पाहिली की हे लगेच ध्यानात येते. मेम्फिसच्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी १९६१ मध्ये त्यांनी स्वतः लिहून गायलेले ‘यू डोन्ट मिस युवर वॉटर’ हे चर्चमधल्या गायनाच्या वळणाचे संथ गाणे पुढे ‘द बर्ड्स’ या अमेरिकी रॉक बँडने कंट्री (अमेरिकी ग्रामीण संगीताच्या) ढंगात गायले, बुकर टी. जोन्स यांच्यासह रचलेले ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ १९६७ मध्ये ब्लूज गायक-गिटारवादक अल्बर्ट किंग यांचे आणि पुढच्याच वर्षी ‘क्रीम’ या ब्रिटिश रॉक बँडचे ध्वनिमुद्रण म्हणून आले, त्यामुळे ते ब्लूज-रॉकच्या श्रोत्यांना पाठ असते, बेल यांचे नाव मात्र क्वचितच (गीतकाराच्या नशिबी बहुधा हेच येते). स्टॅक्सच्याच नाममुद्रेवर २०१६ मध्ये आलेल्या ‘धिस इज व्हेअर आय लिव्ह’ या अल्बमसाठी त्यांना सत्तरी ओलांडल्यावर ग्रॅमी मिळाले. अर्थात, अमेरिकेच्या पॉप यादीत पहिल्या दहांत पोहोचलेले त्यांनी गायलेले गाणे एकच आहे, त्यामुळे आपला समज अगदीच निराधार म्हणता येणार नाही.