टँकर हा शब्द इंग्रजी आहे की आपल्या ‘टाक्या’वरून आला?

टँकर इंग्रजीच आहे, पण त्यातला ‘टँक’ बहुधा आपल्याकडूनच तिकडे गेलाय. इंग्रजी शब्दकोश त्याचं मूळ गुजराती ‘टांकुं’ किंवा मराठी ‘टाकें’ असं देतात. वेरूळ-अजिंठ्याला लेण्यांपाशी कातळात कोरलेली पाण्याची टाकी दिसतात ना, तेच हे टाकें. सतराव्या शतकात इकडे आलेल्या इंग्रजांनी शब्द उचलला आणि तलावालाही टँकच म्हणू लागले. हैदराबादचा टँक बंड म्हणजे हुसेनसागर तलावाचा बांध, हे आपल्या निजामी मुलखात वेगळं सांगायला नको. फक्त छातीठोकपणे ‘शंभर टक्के मराठी’ म्हणू नका. पोर्तुगीजांचाही तळ्यासाठी जवळपास असाच शब्द आहे, तो लॅटिन मुळाचा, आणि त्याची छाप यावर पडली असावी. रणगाड्याला टँक म्हणतात ते गुप्ततेपायी: पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी तो बनवताना पाण्याच्या टाक्या बनवतोय असं भासवलं. १५ सप्टेंबर १९१६ ला तो लढाईत उतरला, नाव तेच राहिलं. इंग्रजीत नुसतं टँकर म्हटलं तर आधी तेलवाहू जहाज डोळ्यांपुढे येतं. ‘गावाला टँकर लागलं’ हा वापर मात्र अस्सल आपला.