वार्तापत्राचा मसुदा वाचून

अनेक आशीर्वाद.

तुझ्या ईमेल वार्तापत्राचा मसुदा दोनदा वाचला. मेणबत्त्या तू मन लावून बनवतेस हे त्यातून कळते; मात्र वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार, हे शेवटपर्यंत कळत नाही. नवे सुगंध, नवे आकार, सवलत आणि कामाच्या टेबलाचे छायाचित्र, असे सगळे एकाच पत्रात कोंबले आहे आणि विषयाच्या ओळीत ‘मासिक वार्तापत्र, अंक पहिला’ असे लिहिले आहे. असले पत्र मी तरी उघडले नसते.

त्यापेक्षा ग्राहक तुला वारंवार विचारतात तो एकच प्रश्न घे. मेणबत्तीच्या मधोमध खड्डा पडतो आणि कडेचे मेण तसेच राहते, ही तक्रार तूच मला सांगितली होतीस. ‘मेणबत्तीत खड्डा का पडतो?’ एवढीच विषयाची ओळ पुरे, कारण मोबाइलच्या पडद्यावर लांब ओळ अर्ध्यावरच तुटते. पत्रात सांग की पहिल्या वेळी वरचे मेण कडेपर्यंत वितळल्याशिवाय मेणबत्ती विझवू नये, आणि दर वेळी पेटवण्यापूर्वी वात सुमारे ६ मिलिमीटर ठेवून कापावी. ज्याला याचा उपयोग होईल तो पुढचे पत्रही उघडेल. नव्या मेणबत्त्यांचा दुवा खाली एकदाच दे. सवलतीचे पुढच्या खेपेस पाहू.

यादीत मात्र ज्यांनी स्वतःहून होकार दिला आहे त्यांचेच पत्ते ठेव. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले असून, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अट त्यांत आहे. तुझा व्यवसाय लहान आहे हे खरे, पण ३०० जणांच्या यादीत एकाने जरी तक्रार केली तरी प्रमाण ०.३३ टक्के होते. म्हणून यादीतून नाव काढण्याचा दुवा ठळक ठेव. तो सापडला नाही की माणूस चिडून स्पॅमचेच बटण दाबतो.

सुरुवातीला मी स्वतः सगळे पत्ते ‘बीसीसी’ऐवजी ‘सीसी’त टाकले होते आणि प्रत्येकाला इतरांचे पत्ते दिसले. माफी मागण्यात दोन दिवस गेले. वार्तापत्र पाठवण्याची सेवा वापरलीस तर प्रत्येकाला स्वतंत्र पत्र जाते आणि ही भानगडच उरत नाही.

किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर फार विसंबू नकोस. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की माणसाने पत्र वाचलेले नसतानाही त्यातली चित्रे आधीच उतरवून घेतली जातात, आणि उघडल्याची नोंद चित्रांवरूनच होत असल्याने ते पत्र उघडलेले धरले जाते. किती उत्तरे आली आणि दुव्यावरून किती जण आले, एवढे मोजावे.

सुधारलेला मसुदा आधी स्वतःलाच पाठव, मोबाइलवर चित्रे बंद ठेवून वाच, आणि तरीही अर्थ लागला तर मला पाठव.

कळावे.