प्रॅक्टिकलची जुनी जर्नलं

प्रश्न : वडील १९६८ साली सोलापुरातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले. त्यांच्या जर्नलांची पानं तपकिरी पडलीत. लॅमिनेशन करू का? निकालाची नोंद कुठे मिळेल?

उत्तर : लॅमिनेशन मुळीच नको! चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही आणि कागदातलं आम्ल आतच राहून तो ठिसूळ होत जातो. गंजलेल्या टाचण्या आधी काढा. ओढू नका, खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून सैल करा. पानांवर क्रमांक पेन्सिलीनेच घाला. टायट्रेशनच्या (द्रावणाची तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाच्या) तक्त्याशेजारी काळपट डाग दिसले तर ते सिल्व्हर नायट्रेटचे असू शकतात. खोडू नका, तीही नोंदच आहे. जर्नलं आम्लमुक्त कागदात गुंडाळून, तापणाऱ्या भिंतीपासून दूर, आडवी ठेवा.

सोलापूर विद्यापीठ २००४ चं; वडिलांच्या वेळी तिथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. त्यामुळे निकालासाठी शिवाजी विद्यापीठाकडे कॉलेज, वर्ष आणि बैठक क्रमांक देऊन अर्ज करा.