टाकी फुल केली की मागच्या सीटवर पेट्रोलचा वास

प्रश्न : आमची २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मीच चालवते. टाकी फुल करून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की मागच्या सीटवर पेट्रोलचा उग्र वास येतो. पुढे फारसा जाणवत नाही. टाकी अर्ध्यावर आली की वास आपोआप जातो. आई मागे बसते, तिला मळमळतं, डोकं जड होतं. गॅरेजमध्ये टाकीचं झाकण बदललं, स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड आला नाही, म्हणून ‘गाडीत काही नाही, तुम्हाला भास होतोय’ असं सांगितलं. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, ॲव्हरेजही नेहमीचंच आहे. गणपतीच्या सुमारास गाडीतला पेट्रोलचा पंप बदलला होता, त्यानंतर दुसरं काही काम केलेलं नाही. आता काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, भास अजिबात नाही. अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवतोय. वासाची तक्रार घेऊन आलेलं माणूस चुकलंय असं मला फार क्वचित दिसलं. आणि तुम्ही तर वास कधी येतो, कुठे येतो आणि कधी जातो हे सगळं लिहिलंय. निम्मं निदान त्यातच झालं.

आधी स्कॅनरचं. तुमची गाडी बीएस-४, म्हणजे प्रदूषणाच्या आधीच्या नियमांची आहे. या गाड्यांचा कॉम्प्युटर बहुधा पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) वायर जोडलेली आहे की नाही, एवढंच बघतो. टाकीतून वाफ निसटतेय का, हे तो तपासतच नाही. अमेरिकेतल्या गाड्यांत ही तपासणी असते. एक मिलिमीटरच्या भोकाएवढी गळती असली तरी पी०४४२ हा कोड येतो. त्यामुळे आपल्याकडे ‘कोड नाही’ याचा अर्थ ‘गळती नाही’ असा कुणी लावला, तर तो मान्य करू नका.

पेट्रोलची वाफ टाकीत कायम तयार होत असते. ती नळीने कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते. गाडी चालू असताना इंजिन ती पर्ज व्हॉल्व्हमधून ओढून जाळून टाकतं. हा व्हॉल्व्ह उघडा अडकला तर पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही, आयडलला, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असताना, थरथरते. तुमच्याकडे तसं काही नाही, म्हणून मी इंजिनकडे जाणार नाही. झाकण गळत असतं तर वास बाहेर, भरण्याच्या तोंडापाशी जास्त आला असता.

आता तुम्ही पत्रात शेवटी लिहिलेली गोष्ट : गणपतीत पंप बदलला. पुष्कळ छोट्या गाड्यांत पंप मागच्या सीटखालून, टाकीच्या माथ्यावर बसवलेला असतो. त्याच्या चकतीखाली एक रबरी रिंग असते. टाकी फुल असताना घाट चढला की पेट्रोल मागे सरकून त्या रिंगेला भिडतं. अर्ध्या टाकीला तिथवर पोचत नाही. वास नेमका तिथूनच येतोय असं मला वाटतं. पंप बदलताना बऱ्याचदा जुनीच रिंग परत बसवतात. ही रिंग पेट्रोलमध्ये फुगलेली असते. मागच्याच महिन्यात अशीच एक काढून नव्या रिंगेशेजारी ठेवली, तर तिच्यापेक्षा करंगळीच्या पेराएवढी मोठी भरली. ती खाचेत सरळ बसेना. एका जागी दुमडून वर आली होती आणि चकतीने तिथेच चिमटली होती. त्या दुमडीपाशी ओलसर काळी धूळ चिकटलेली होती. गळतीची खूण अशी डोळ्यांना दिसते, फक्त सीट उचलायची तसदी घ्यावी लागते.

काम असं करून घ्या. टाकी पावपेक्षा खाली आणा. गाडी मोकळ्या हवेत उभी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि बारीकशा ठिणगीनेही पेटते. पंपाचा फ्यूज काढून गाडी उभ्या जागीच बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीचा मायनस काढायचा. चकतीभोवतीची माती ब्रशने, ओल्या फडक्याने आधी पुसायची, नाहीतर ती टाकीत पडते. चकती घट्ट धरणारी वरची मोठी रिंग तिच्या पान्यानेच सोडवायची. छिन्नी-हातोडी घेतलेला माणूस दिसला तर तिथेच थांबवा. नवी रबरी रिंग खाचेत पूर्ण बसलीय, चकतीवरची खूण टाकीवरच्या खुणेशी जुळलीय, हे स्वतः बघा.

चकतीवरून कॅनिस्टरकडे जाणारी नळीही बोटांनी वाकवून बघायला सांगा. चिरा दिसल्या, उंदराने कुरतडलेली असली, तर बदलायचीच. इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी नळी मागा. पाण्याची पारदर्शक नळी कापून बसवणारेही आहेत.

इतकं करूनही वास राहिला तर स्मोक टेस्ट करणारं गॅरेज शोधा. त्यात गळती कुठे आहे ते दिसावं म्हणून धूर अर्ध्या पीएसआयच्याही आतल्या दाबाने सोडतात. टायरमध्ये बत्तीस-तेहतीस असतो, त्यावरून अंदाज करा. कॉम्प्रेसरची हवा टाकीत कुणालाही सोडू देऊ नका : टाकी फुटू शकते, आणि आत हवा-पेट्रोलचं पेटणारं मिश्रण तयार होतं.

काम होईपर्यंत टाकी अर्ध्याच्या वर भरू नका आणि आईंना पुढे बसवा, काचा उघड्या ठेवा. बंद पार्किंगमध्ये, गॅस गिझरच्या जवळ गाडी लावू नका. पेट्रोल पंपावर नोझल ‘टक्’ करून बंद झालं की पुरे. ‘ताई, राउंड फिगर करू का?’ म्हटलं तर नाही म्हणा. ते जास्तीचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळसा भिजून निकामी होतो.

रिंग बदलल्यावर टाकी त्या ‘टक्’पर्यंत भरा, गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या आणि तुम्ही स्वतः आईंच्या जागी मागे बसा. काचा बंद ठेवून यवतेश्वर चढून बघा. वास आला नाही, तरच आईंना मागे बसवा.