सहा ध्येयं आणि चार माणसं असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की संस्थेची ध्येयं सहा, माणसं चार आणि पैसा तुटपुंजा. मग सगळीकडे थोडंथोडं करावं की एकाच्याच मागे लागावं? मी 2021 साली ग्रामपंचायत सदस्य म्हणून निवडून आलो. त्या अनुभवावरून सांगतो, एकाच्याच मागे लागा.

पैशाची वाटणी आमच्याकडे बरीचशी वरूनच ठरून यायची. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. खरी ओढाताण व्हायची ती वेळेची. ग्रामसेवकांकडे दोन गावं, त्यामुळे आमच्या वाट्याला आठवड्यातले तीनच दिवस. पहिल्या वर्षी कुणालाच नाराज करायचं नाही म्हणून आराखड्यात 21 कामं घातली. प्रत्येकाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, बिलं, सगळं त्या एका टेबलावर. वर्षअखेर चार कामं पूर्ण झाली. अंगणवाडीच्या शौचालयाला दार बसलं नाही ते बसलंच नाही, आणि लेकरं उघड्यावर जात राहिली. ते मला आजही खुपतं.

शाश्वत विकासाच्या 9 संकल्पना, म्हणजे जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव अशी उद्दिष्टं, पंचायतींपुढे ठेवल्या आहेत, पण संकल्प त्यातल्या निवडक संकल्पनांचा करता येतो. हे शहाणपण आम्हाला उशिरा कळलं. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. पावसाळा संपला की तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांचं नि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढतात, उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. उसासारखं पाणी पिणारं पीक नको, हे तिथे सगळ्यांसमोर सांगितलं जातं.

दुसऱ्या वर्षी आम्ही फक्त नळयोजनेची गळती धरली. पाणी सकाळी वेळेवर येऊ लागलं तशी बांधून पडलेली शौचालयं वापरात आली, बायका ग्रामसभेला थांबू लागल्या. म्हणजे ज्या ध्येयाला बाकीची दोन-तीन टांगलेली असतात, ते आधी धरायचं. मागे ठेवलेली कामं, कोणत्या वर्षी घेणार त्यासकट, कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लिहिली.

त्यावरून भांडणं झाली. ज्यांच्या वस्तीचा रस्ता मागे पडला ते सदस्य तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना ती गोष्ट फळ्यावर वाचावी लागली, ही माझी चूक. तुमच्याकडे ज्याचं काम मागे पडणार असेल, त्याच्या घरी यादी लावण्याआधी जाऊन या.