वय ५१, व्हीआरएस घेतली. आता नाशिकमध्ये नोकरी कोण देईल?

तुम्ही लिहिलंय की सातपूरची कंपनी सोडून आठ महिने झाले आणि तीन मुलाखतींत 'आम्हाला जरा यंग टीम हवीय' एवढंच ऐकलंत. हे वाक्य मी ५२ व्या वर्षी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ऐकलंय. टूल रूममध्ये, म्हणजे डाय-साचे बनवणाऱ्या विभागात, अठ्ठावीस वर्षं काढून बाहेर पडलो होतो. आज ५७ चा आहे आणि कामावर आहे, म्हणून लिहितो.

आधी कायद्याचं, कारण 'केस टाका' असं सांगणारा कोणीतरी भेटेलच. अमेरिकेत चाळिशीपुढच्या माणसाला वयावरून डावलणं १९६७ च्या कायद्याने गुन्हा नसला तरी बेकायदा आहे. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी तसा थेट कायदा नाही. घटनेच्या कलम १६ मध्ये धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. शिवाय ते कलम सरकारी नोकरीपुरतं. तो नाद सोडा.

आता आपल्याबद्दल जे बोललं जातं त्याचं. इंग आणि फेल्डमन या दोन अभ्यासकांनी २०१२ साली ४१८ संशोधनांचे आकडे एकत्र करून सहा समजुती तपासल्या: वय झालं की उमेद जाते, बदल नको वाटतो, माणूस संशयी होतो, तब्येत साथ देत नाही, घरचे व्याप कामात आणतो, नवीन शिकायला नको म्हणतो. पहिल्या पाचांना आधार मिळाला नाही. सहावीला मिळाला.

हे वाचून मला राग यायला हवा होता, पण आला नाही. आमच्याकडे सीएमएम मशीन (संगणकावर पार्टची अचूक मापं घेणारं) आलं तेव्हा ट्रेनिंगला दोनदा माझं नाव निघालं आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, 'पोरांना पाठवा, मला मायक्रोमीटर पुरे.' पुढे मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, सीएमएम येतं का?

मग क्लास लावला. वर्गात सगळे विशी-बाविशीतले, मला 'काका' म्हणायचे आणि माऊस कसा धरायचा तेही सांगायचे. पहिला महिना अपमान वाटला, खोटं कशाला बोलू. तीन महिन्यांत साधे प्रोग्राम जमायला लागले. तेव्हापासून बायोडेटात अनुभवाच्या वर्षांआधी, सगळ्यात वर, 'सीएमएम येतं' हे एक वाक्य आलं. फोन यायला लागले ते त्यानंतर.

नोकरी मात्र बायोडेटाने मिळाली नाही. मोठ्या कंपनीत अर्ज आधी एचआरकडे जातो आणि तिथे जन्मतारीख पाहूनच बाजूला पडतो. छोट्या युनिटमध्ये मालक स्वतः बोलतो. आमच्या कंपनीचे पार्ट बाहेर करून देणारा एक जुना जॉबवर्कवाला ओळखीचा होता, त्याच्याकडे सहज म्हणून गेलो. प्रेसवर पत्र्यातून कापल्या जाणाऱ्या एका ब्रॅकेटला बर, म्हणजे कडेला धारदार कोर, येत होती आणि पोरांची डाय (कापणारा खालचा साचा) दोनदा ग्राइंड करून झाली होती. मी कापलेला तुकडा हातात घेऊन कडेवरून नख फिरवलं. तीन बाजू गुळगुळीत, एकाच बाजूला नख अडकत होतं. बोथट डाय असती तर बर चारही बाजूंना आली असती. एकाच बाजूला आली म्हणजे पंच (वरून कापणारा भाग) सरकलाय, त्याच्या आणि डायच्या मधली फट, क्लिअरन्स, एकीकडे जास्त पडतोय. पंच सरळ ठेवणारा गाइड बुश काढून पाहिला तर झिजलेला. मालकाने वय विचारलंच नाही, सोमवारपासून या म्हणाला.

यात माझी हुशारी नाही, हे आमच्या पिढीच्या कोणत्याही टूलमेकरला दिसलं असतं. जर्मनीत ट्रक जुळवणीच्या एका कारखान्यात झालेल्या अभ्यासातही असंच काहीसं निघालं: वयस्कर कामगार बारीकसारीक चुका किंचित जास्त करतात, पण महागात पडणाऱ्या मोठ्या चुका कमी करतात. मालक लोकांना हे कळतं, कारण रिजेक्शनचे पैसे त्यांच्या खिशातून जातात.

पगार आधीपेक्षा बराच कमी घेतला. तुम्हालाही घ्यावा लागेल, तयारी ठेवा.

आणि एक. हातात पैसा नाही म्हणून ईपीएफची पेन्शन आत्ताच सुरू करू नका. दहा वर्षं सेवा झाली असेल तर पन्नाशीनंतर ती मिळते, पण ५८ ला जेवढी वर्षं कमी तेवढी दर वर्षाला ४ टक्के कपात, आणि ती कायमची. मला दोघांनी घ्यायचा सल्ला दिला होता.

तुमचा ट्रेड कोणता ते लिहिलं नाहीत. टूल रूम, मेन्टेनन्स, क्वालिटी यातलं काही असेल तर अंबड, सिन्नर, गोंदे इथली छोटी युनिट्स पायी फिरा, दुपारी चहाच्या वेळी, तेव्हा मालक फ्लोअरवर असतो. नुसते लाइन सुपरवायझर होतात तर जास्त अवघड जाईल, कारण ते काम छोट्या युनिटमध्ये मालकच करतो. मग आधी हाताला लागेल असं एखादं काम शिकून घ्या.