नवशिक्या कुटुंबाने कॅरॅव्हॅन क्लबचे सभासद व्हावे का?

आपला प्रश्न असा आहे: आपण इंग्लंडमध्ये रेडिंगला राहता, मुले शाळेत आहेत, उन्हाळ्यात आईवडील भारतातून येतात, जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे छोटे घर, घेण्याचा विचार आहे आणि क्लबची वर्गणी आत्ताच भरावी की अनुभव आल्यावर, हे ठरत नाही. माझे मत स्पष्ट आहे. सभासद व्हावे आणि कॅरॅव्हॅन विकत घेण्याआधी व्हावे. मात्र केवळ सवलतींचा हिशेब मांडून हा निर्णय घेऊ नये, कारण क्लबचा खरा उपयोग दुसरीकडे आहे आणि तो माहीत नसल्याने अनेक जण वर्षभरात सभासदत्व सोडून देतात.

ब्रिटनमध्ये या क्षेत्रात दोन मोठे क्लब आहेत. कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब 1901 मध्ये सायकलवरून तंबू घेऊन भटकणाऱ्यांची संघटना म्हणून सुरू झाला. कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लबची स्थापना 1907 ची, म्हणजे कॅरॅव्हॅन घोडे ओढत असत त्या काळातली. आपल्यासाठी यातला उपयोगाचा फरक एवढाच की पहिल्या क्लबमध्ये तंबूवाल्यांचा वावर आजही मोठा आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे अजून कॅरॅव्हॅन नाही, त्यांना तंबू घेऊन सभासद म्हणून जाता येते, शेजारच्या कॅरॅव्हॅनमधले जगणे जवळून पाहता येते आणि मग काही हजार पौंड खर्च करायचे की नाही, हे ठरवता येते.

पैशांचे थोडक्यात सांगतो. वर्गणी वर्षाला साधारण 50 ते 70 पौंडांच्या घरात असते. सभासद नसलेल्यांना क्लबच्या मोठ्या साइटवर, म्हणजे कॅरॅव्हॅन किंवा तंबू लावून मुक्काम करण्याच्या आवारात, राहण्यासाठी अधिक पैसे मोजावे लागतात, त्यामुळे वर्षातून दोन-तीन लांब वीकेंड जरी या साइटवर घालवले, तरी वर्गणी बहुधा वसूल होते. डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थच्या जुन्या भिंतबंद बागेतली साइट किंवा नॉर्फोकमधील सॅन्ड्रिंगहॅमची साइट अशा जागा सुंदर आहेत, स्वच्छतागृहे लखलखीत असतात, पण शाळेच्या सुट्टीत भाडे चढे असते आणि जागा फार आधी भरतात. एवढ्यासाठीच क्लब हवा असेल, तर नाही म्हटले तरी चालेल.

मला क्लब महत्त्वाचा वाटतो तो पाच कॅरॅव्हॅनच्या छोट्या साइटमुळे. 1960 च्या कायद्यानुसार कॅरॅव्हॅन साइट चालवण्यासाठी परवाना लागतो, परंतु मान्यताप्राप्त संस्थांनी प्रमाणपत्र दिलेल्या छोट्या जागांना त्यातून सूट आहे, अट अशी की एका वेळी पाचच कॅरॅव्हॅन असाव्यात आणि त्या सभासदांच्याच असाव्यात. कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लबमध्ये अशा जागांना सीएल (सर्टिफिकेटेड लोकेशन) म्हणतात, कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लबमध्ये सीएस (सर्टिफिकेटेड साइट). म्हणजे सभासदांखेरीज इतरांना दार बंद ठेवणे ही क्लबची मिजास नव्हे, ती सवलतीमागची कायदेशीर अट आहे. देशभर अशा जागा हजारांच्या संख्येने आहेत. कोणा शेतकऱ्याच्या घरामागचे कुरण, पबच्या मागचे मैदान, सफरचंदांची बाग. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि कॅरॅव्हॅनमधल्या शौचालयाची पेटी रिकामी करण्याची जागा एवढे नक्की असते, विजेची जोडणी बऱ्याच ठिकाणी असते, स्वच्छतागृह मात्र बहुतेक ठिकाणी नसते. भाडे मोठ्या साइटपेक्षा बरेच कमी असते आणि रात्री मेंढ्यांच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही. नवशिक्याने आधी मोठ्या साइटवर हात बसवावा आणि मग अशा कुरणांकडे वळावे, असे मला मनापासून वाटते, कारण हे कुरण ज्याने अनुभवले, त्याला क्लब सोडावासा वाटत नाही.

दुसरे कारण शिक्षणाचे. दोन्ही क्लब कॅरॅव्हॅन ओढण्याचे आणि मागे घेण्याचे प्रात्यक्षिक वर्ग घेतात, त्यांची फी वेगळी असते आणि ती द्यावी. तिथे पहिल्यांदा शिकवतात ते वजनाचे गणित. कॅरॅव्हॅनचे सामानासह कमाल वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या 85 टक्क्यांहून अधिक नसावे, असा नवशिक्यांसाठीचा संकेत आहे. गाडी 1,600 किलोची असेल, तर कॅरॅव्हॅन 1,360 किलोपर्यंत. त्या वजनाचा 5 ते 7 टक्के भार, म्हणजे सुमारे 68 ते 95 किलो, गाडीच्या मागच्या हुकावर यावा लागतो, आणि तुमच्या गाडीला तेवढा भार चालतो की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे लागते. हा भार कमी पडला आणि जड सामान मागच्या कपाटात गेले, की मोटरवेवर कॅरॅव्हॅन सापासारखी वळवळू लागते. काही विजेवर चालणाऱ्या गाड्यांना तर काहीही ओढण्याची मान्यता नसते, म्हणून कॅरॅव्हॅन पाहायला जाण्यापूर्वी आपल्या गाडीचे कागद पाहणे हे पहिले काम.

मागे घेण्याची युक्ती मला वर्गातल्या एका निवृत्त प्रशिक्षकांनी दाखवली ती अशी: स्टिअरिंग खालच्या बाजूला, सहाच्या आकड्यापाशी धरायचे आणि कॅरॅव्हॅनची पाठ ज्या दिशेला न्यायची, त्या दिशेला हात सरकवायचा. हात डावीकडे नेला की चाक उजवीकडे फिरते आणि कॅरॅव्हॅन डावीकडे वळते. हात फार थोडा हलवायचा आणि कॅरॅव्हॅन वळू लागली की लगेच तिच्या मागे गाडी वळवायला सुरुवात करायची. हे वाचून कळते, पण मोकळ्या मैदानात, शेजारी शांत माणूस उभा असताना केले की अंगात मुरते.

आपण भारतीय परवान्यावर गाडी चालवत असाल, तर एक गोष्ट आधी तपासा. इथे स्थायिक झाल्यावर तो परवाना 12 महिनेच चालतो, त्यानंतर इथली परीक्षा द्यावी लागते. 16 डिसेंबर 2021 पासून मोटारीच्या इथल्या परवान्यावर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा नाही. ओढताना मोटरवेवर ताशी 60 मैल आणि मध्ये दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ताशी 50 मैल ही कमाल वेगमर्यादा आहे, आणि तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर सर्वांत उजवी लेन वर्ज्य आहे. कॅरॅव्हॅन गाडीच्या मागच्या भागापेक्षा रुंद असेल, तर जादा आरसे बसवणे सक्तीचे आहे.

आपण विचारले नाही, पण जागेचा खर्चही धरा. नव्या वसाहतींमध्ये घरासमोर कॅरॅव्हॅन उभी करण्यास घराच्या करारात अनेकदा मनाई असते, आणि सुरक्षित आवारात वर्षभर ठेवायची तर काहीशे पौंड जातात. जुनी कॅरॅव्हॅन घेताना ओल किती आहे, हे मीटर लावून तपासून घ्यावे, कारण आतली लाकडी चौकट कुजली असेल, तर तिचा दुरुस्तीखर्च किमतीएवढा होऊ शकतो.

तिथे आपण उपरे वाटू का, हा प्रश्न आपण संकोचाने विचारला आहे, तर त्याचे सरळ उत्तर देतो. सभासदांमध्ये निवृत्त गोरी जोडपी अधिक दिसतात आणि सुट्ट्यांव्यतिरिक्त मुलेही कमी असतात. परंतु कॅरॅव्हॅन सपाट उभी करताना चाकाखाली रॅम्प सरकवायला आणि पाण्याच्या पिंपाची पाइप जोडायला न सांगता हात पुढे येतात, असा माझा अनुभव आहे. स्थानिक शाखांच्या रॅली, म्हणजे एखाद्या मैदानात वीकेंडला होणारे मेळे, हे ओळखी होण्याचे सर्वांत चांगले ठिकाण. तिथे वीज बहुधा नसते, पण भाडे नाममात्र असते आणि प्रश्न विचारायला माणसे भरपूर.

आईवडिलांसाठी मात्र सुरुवातीला मोठीच साइट निवडा, स्वच्छतागृहाजवळची जागा मागा. रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाला अंधारे कुरण नको. स्वयंपाकाचेही ठरवून जा. साइटवरची वीज 16 अँपिअर असली, तरी दोन किलोवॅटची किटली आणि तेवढाच हीटर एकाच वेळी लावला की फ्यूज पडतो, आणि काही कुरणांवर याहूनही कमी वीज मिळते. फोडणीचा धूर आत नको म्हणून शेगडी किंवा बार्बेक्यू मंडपात, म्हणजे कॅरॅव्हॅनला जोडलेल्या ऑनिंगमध्ये, नेण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळा. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याने जीव जातो. आत त्याचा अलार्म लावलेला असावा.

सुट्टी म्हणजे समुद्रकाठचे मोठे हॉलिडे पार्क, पोहण्याचा तलाव आणि मुलांचे कार्यक्रम असे आपल्या कुटुंबाचे गणित असेल, तर क्लब नको, कारण अशा जागा बहुतेक खासगी कंपन्यांच्या असतात. अन्यथा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, मार्चमध्ये सभासद व्हा, म्हणजे वर्षभराच्या वर्गणीत पूर्ण उन्हाळा मिळतो. आधी वर्ग, मग एखादा वीकेंड भाड्याची कॅरॅव्हॅन किंवा तंबू, आणि त्यानंतर खरेदी. पहिल्या छोट्या कुरणाला जाण्यापूर्वी मालकांना फोन करून फाटक किती रुंद आहे, गवताला उतार किती आहे आणि पावसानंतर गाडी रुतते का, एवढे तीन प्रश्न विचारा. ते आनंदाने सांगतात.